पायाखाली एक पेडल जास्त

नाही, म्हणजे मला एक सांगा, गिऱ्हाइकानं दुकानात जाऊन जास्तीचं काही मागितलं तर दुकानदाराला आनंद व्हायला पाहिजे की नाही? व्हायला पाहिजे! बरं, मी मागितलं काय? पायाखाली एक पेडल जास्त! क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, संपली मागणी. आणि तो शोरूममधला कोरीव दाढीवाला माझ्याकडे असा बघतोय... असा... की जणू मी गाडीला लगाम आणि चाबूक मागितलाय. "मॅन्युअल? साहेब, मॅन्युअल?" अरे हो बाबा, मॅन्युअल! एकोणीस वर्षं तेच चालवलं, अजून दोन्ही पाय जागेवर आहेत!

थांबा, आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल मी एवढा का पेटलोय. जेवणं झाली ना सगळ्यांची? नसतील झाली तर आता राहू द्या. माझा धंदा फिरत्या संडासांचा. हसू नका. मैदानावर कार्यक्रम असला, कुठे बांधकाम निघालं, कुणी बागेत लग्न काढलं, की लोकांना फुलांची आठवण येते, दिव्यांची आठवण येते, आणि आदल्या दिवशी कुणीतरी किंचाळतं, "अय्या, आणि जायचं कुठे?" तेव्हा मी. ट्रेलरवर आठ संडास लादून मी हजर. कार्यक्रम झाला की पाहुणे हात हलवत घरी जातात आणि त्यांनी मागे ठेवलेलं सगळं जातं माझ्या टाकीत. टाकीचा ट्रेलर वेगळा. अडीच हजार लिटर. तो पिकअपच्या मागे अडकवायचा आणि गावाबाहेरच्या मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पावर नेऊन रिकामा करायचा. मध्ये एक डोंगर. चढ तीन किलोमीटर, उतार तीन किलोमीटर.

आता तुम्हाला सांगतो, दगड ओढणं सोपं असतं. दगड जिथे ठेवला तिथे बसतो, त्याला अक्कल आहे. हे बसत नाही! तुम्ही ब्रेक मारला की हे सगळं धावत पुढे येतं, काय झालं काय झालं म्हणून बघायला. तुम्ही गिअर बदलला की हे मागे जातं. धपाक! आणि पिकअपला खालून कुणीतरी लाथ घातल्यासारखं होतं. म्हणून उताराला लागायच्या आधीच दुसऱ्या गिअरात टाकायची, इंजिनच्या जोरावर गाडी धरून ठेवायची आणि ब्रेकवर पाय जवळजवळ ठेवायचाच नाही. हे सगळं क्लचवरच्या डाव्या पायाला कळतं हो. डोक्याला नंतर कळतं, आधी पायाला! आणि तो दाढीवाला मला सांगतोय, "साहेब, ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्स स्वतः विचार करतो." विचार करतो? त्याच्या मागे अडीच हजार लिटर काय आहे हे त्याला माहितीये का? माहिती असतं तर त्यानं नोकरी सोडली असती!

आणि त्या शोरूमचा वास! शी! मी आयुष्यभर कशात वावरलोय ते तुम्हाला आता माहिती आहे, माझं नाक म्हणजे सरकारी कर्मचारी, कशानं हलत नाही. पण तिथे भिंतीवर एक डबी लावली होती, ती दर दोन मिनिटांनी फुस्स करायची, आणि त्यातून असा काही गोड, गुळगुळीत, खोटा वास यायचा, की मला मळमळायला लागलं. मला! मी विचारलं, हे कशाचं आहे? गुलाबाचं? लिंबाचं? तर म्हणतो, "नवीन गाडीचा वास आहे साहेब." अरे, समोर नवीन गाडी उभी आहे ना! तिचा वास कुठे गेला?

बरं, जुनी गाडी मी हौसेनं बदलत नव्हतो. तिचा गिअरबॉक्स गेला. माझा मेकॅनिक कमी बोलणारा, त्याच्या तोंडात कायम दोन स्क्रू असतात. त्यानं खालून बाहेर सरकून स्क्रू काढले, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, "सोडा आता तिला." आणि स्क्रू परत तोंडात. संपलं. एकोणीस वर्षांचा संसार दोन स्क्रूंच्या मध्ये संपला.

तर शोरूम. दाढीवाल्यानं संगणकावर टकटक केलं आणि चेहरा पाडला. "साहेब, या डिझेल पिकअपमध्ये मॅन्युअल मिळतं, पण खास मागवावं लागेल. पाच महिने." म्हटलं मागव. "आणि साहेब, मॅन्युअलला ओढण्याची क्षमता कमी धरलीये." मी म्हटलं, का? इंजिन वेगळं आहे? "नाही, इंजिन तेच." मग? "मॅन्युअलच्या गिअरबॉक्सला तेवढा जोर झेपत नाही, म्हणून कंपनीनं इंजिनलाच जरा दाबून ठेवलंय." ऐकताय ना? इंजिन तेच, पण माझा हात गिअरवर आहे म्हटल्यावर त्यानं जपून काम करायचं! मी विचारलं, म्हणजे मी जास्त राबायचं आणि गाडीनं कमी? तर तो प्रसन्न होऊन म्हणतो कसा, "अगदी बरोबर समजलात साहेब!"

अडीच हजार लिटरला पुरतंय का एवढंच विचारलं. पुरतंय म्हणाला. म्हटलं, काढ कागद. अहो, मागितलं काय मी? पायाखाली एक पेडल जास्त! त्यासाठी सात ठिकाणी सह्या. सातवी सही कशावर होती माहितीये? "मॅन्युअल मी स्वखुशीने घेत आहे." ऑपरेशनच्या आधी घेतात तशी!

आणि पाच महिने काय करायचं? तर शोरूमवाल्यांनी तोवर वापरायला गाडी दिली. कुठली? ऑटोमॅटिक! पेडलं दोन. डावा पाय बसलाय कोपऱ्यात, लग्नात कुणी न विचारलेल्या मामासारखा. पहिल्याच दिवशी टाकी भरून डोंगरावर गेलो. चढ ठीक. मान्य करतो, ठीक. पण उताराला लागलो आणि त्या विचारवंत गिअरबॉक्सला वाटलं, वा, उतार! आपण जरा मोकळं होऊ! आणि त्यानं आपल्या मनानं वरचा गिअर टाकला. गाडी सुटली. मी ब्रेक मारला. मागचं सगळं पुढे आलं... बघायला... आणि टाकीच्या वरचं झाकण थोडंसं, अगदी थोडंसं उचललं गेलं. मागे एक उघड्या टपाची गाडी होती. मला चिकटून, हॉर्न वाजवत. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो, की नंतर हॉर्न वाजला नाही.

घरी आलो तो तणतणत. आमच्या हिला सगळं सांगितलं. ही शांतपणे म्हणते, "अहो, पण ते ट्रेलरचं चित्र असलेलं बटण दाबलंत का?" कुठलं बटण? "ओढायचं बटण. ते दाबलं की उतारावर गाडी गिअर धरून ठेवते. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, पान चौऱ्याण्णव." पुस्तक! एकोणीस वर्षांत मी गाडीचं पुस्तक उघडलं नाही, आणि हिनं एका संध्याकाळी पान चौऱ्याण्णव गाठलं! म्हटलं, एवढं कळतं तर तूच ने. रागात बोललो हो. माणूस बोलतो. आणि ही उठली, किल्ली घेतली आणि दुसऱ्या दिवशी टाकी घेऊन गेली! गाणी ऐकत गेली, गाणी ऐकत आली. एक थेंब सांडला नाही.

मग आमचे जावई. दोन जोड हातमोजे एकावर एक घालतात, म्हणून प्रकल्पावर त्यांना सगळे 'चार हातमोजे' म्हणतात. आमच्या जुन्या गाडीच्या वाटेला ते कधी गेले नाहीत, कारण तिचा क्लच असा जड, की त्यावर उभंच राहावं लागायचं. तेसुद्धा म्हणाले, "बाबा, मी जाऊन येऊ का एक खेप?" गेले! आले! सोमवारी ही, मंगळवारी ते, बुधवारी ही... आणि मी? मी खिडकीत. पहिल्या रविवारी मी नऊपर्यंत झोपलो. दुसऱ्या रविवारी दहापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की टाकी भरतेय, रिकामी होतेय, लोक लग्नं करतायत, आणि या सगळ्यात मी कुठेच नाहीये.

आता हसू नका, खरं सांगतो, मला भीती वाटली. घाण असली तरी माझी होती हो ती! त्या डोंगरावरून ती खाली आणणं मला येत होतं, फक्त मला, आणि घरात माझा जो काय मान होता तो तेवढ्यावर होता. दुसरं मला येतं काय? एक बटण दाबून कुणीही करायला लागलं तर मग मला विचारणार कोण? म्हणून मला ते पेडल हवं होतं. उतार-बितार ठीक आहे, खरं कारण हे. दाढीवाल्याला हे कुठे सांगायचं? त्याच्या फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

चौथ्या महिन्यात त्याचाच फोन. "साहेब, अजून विचार बदलता येईल. ऑटोमॅटिक उद्या देतो, मॅन्युअल रद्द करतो. शेवटची संधी!" मी फोनवर हात ठेवला आणि घरात विचारलं. मनात म्हटलं, आता हे दोघं माझ्यावर तुटून पडणार, एवढी सोय झालीये त्यांची. तर काय! दोघं एकदम ओरडले, "रद्द? अजिबात नाही!" ही म्हणाली, "तुमची एवढी इच्छा आहे ना? मग मॅन्युअलच." जावई म्हणाले, "बाबा, उतारावर तुमच्यासारखा पाय कुणाचाच नाही." अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं! मला वाटलं, उगीच रागावलो मी यांच्यावर. मी फोनवरचा हात काढला आणि छाती पुढे काढून म्हटलं, "मॅन्युअल!"

गाडी आली. देखणी. तीन पेडलं, शेजारी शेजारी, हारीनं. मी डावा पाय ठेवला आणि काय सांगू, पाच महिन्यांनी स्वतःच्या घरी परत आल्यासारखं वाटलं. दोन खेपा स्वतः केल्या. उतारावर दुसरा गिअर, टाकी गप्प, मी राजा. मग म्हटलं, बुधवारी तू जा. तर ही म्हणते, "छे! मला नाही बाई जमत ते क्लच-बिच. शिवाय बुधवारी माझं पोहणं असतं." पोहणं? कधीपासून? "नाव घालून महिना झाला." महिना! म्हणजे दाढीवाल्याचा फोन आला तो आठवडा! जावयांकडे बघितलं, तर ते हातमोजे काढत होते. चारही. म्हणाले, "मलापण क्लच नाही येत बाबा."

म्हटलं शिकवतो! मागितलं काय होतं मी, पायाखाली एक पेडल जास्त, त्यात अवघड काय आहे? हिला गाडीत बसवलं, आवारातच. म्हटलं, क्लच दाब, पहिला गिअर टाक, हळू सोड. तिनं टाकला. गाडी हिसका देऊन बंद. परत. बंद. चार वेळा बंद. "बघा, नाही ना जमत!" म्हणून ही उतरली आणि टॉवेल घेऊन पोहायला गेली. मी तिथेच बसून राहिलो. गिअरकडे बघत. अहो, चारही वेळा तिनं तिसरा टाकला होता. चारही वेळा! ज्याला येत नाही तो एकदा दुसरा टाकेल, एकदा रिव्हर्स टाकेल, एकदा चुकून पहिलाही पडेल. न बघता, चारही वेळा, बरोब्बर तिसरा? असं न चुकता चुकायला गाडी फार चांगली यावी लागते! आणि तेव्हा मला आठवलं, लग्नाआधी ही तीन वर्षं तिच्या वडिलांच्या बेकरीची गाडी चालवत होती. रोज पहाटे, पाव भरून. चार गिअर, क्लचसकट.

संध्याकाळी ओले केस पुसत ती आली आणि फ्रिजवरचा खेपांचा तक्ता बदलून लावला. सोमवार, बाबा. मंगळवार, बाबा. बुधवार, बाबा... मी रविवारावर बोट ठेवलं. म्हटलं, निदान हा? तर माझ्या खांद्यावर हात ठेवून इतक्या मायेनं म्हणाली, "अहो, तुमच्याशिवाय आहे कोण या घराला?"