रुईसाठी सगळे गप्प

...आणि वर माईंनी मलाच विचारावं, की हे मांजर आणलंयस की बाळंतीण? माई म्हणजे माझ्या सासूबाई. आता काय उत्तर देणार, तुम्हीच सांगा. मांजर दिसत असतं तर निदान बोट दाखवून म्हटलं असतं, की बघा, मांजरच आहे. पण रुई दिसेल तर शपथ. आमच्या परसात लाकडं ठेवायचं पत्र्याचं खोपट आहे, त्याच्या पार कोपऱ्यात, फळकुटांच्या मागे, नुसते दोन डोळे. आम्ही मांजर नाही पाळलं हो, डोळे पाळले. माझंच काहीतरी चुकत असणार.

तसं ते मुलीच्या बाबतीतही चुकतंच. मुक्ता दोन वर्षांची झाली, पण दुपारी झोप म्हटलं की हिला गाणी आठवतात. मी पुस्तकं वाचते, मोबाइलवर डॉक्टरांची भाषणं ऐकते, आणि शेवटी भाषण ऐकता ऐकता मीच झोपते... ते जाऊ दे, रुईचं सांगते.

माझं माहेर भिवंडीत. भिंतीला भिंत लावून गुलाम हुसेनचाचांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. चाचांनी लूम विकायला काढले, त्या जागेचं आता गोदाम होणार, आणि अगदी शेवटच्या लूमखाली निघालं हे पिल्लू. अंगभर कापसाची धूळ, म्हणून कारागीर म्हणायचे रुई. आईचा पत्ता नाही. चाचा मला म्हणाले, "बेटा, तुझं सासर अंजूरला, मोकळी हवा, घेऊन जा हिला. चालू लूमच्या खाली झोपायची बिचारी." तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढासा जीव आणि दिवसरात्र ती खडखड! मी तिथल्या तिथे ठरवलं, की हिच्या कानावर आता आवाज म्हणून पडू द्यायचा नाही.

माईंची अट एकच. मांजर घरात नाही, परसात. टिकलं तर आनंद, रस्त्यावर गेलं तर त्यांच्यापाशी रडत यायचं नाही. आणि आमचा रस्ता कसला, तर पूर्वी भातशेती होती तिथे आता गोदामंच गोदामं, दिवसभर ट्रेलर. कुंपणाला ह्या एवढाल्या फटी. बाहेर पडली की संपलंच. बरं, परत पाठवू म्हटलं तर कारखानाच उरलेला नाही. म्हणजे रुळायचं तर इथेच, नाहीतर...

मग लागले कामाला. खोक्यात मऊ गोधडी, बशीत बोंबलाचं पाणी घातलेला भात. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, हळू चालायचं, आणि मुख्य म्हणजे शांतता. ती मी अशी राखली म्हणून सांगू... कुकर बंद, डाळ पातेल्यात. मुक्ताच्या हातातलं ताट काढून स्पंजचा ससा दिला. आल्हादला, म्हणजे नवऱ्याला, गाडी नाक्यावरच बंद करून ढकलत आणायला लावली. घामाघूम होऊन आला आणि हळूच विचारलं, "आसावरी, आपल्याकडे सुतक आहे का?" आणि वॉशिंग मशीन. ते मागच्या पडवीत, खोपटाला लागूनच. जुनं मशीन, एक पाय आखूड, ड्रायर लावला की सगळं धूड चालत चालत तुळशीपर्यंत जातं. तेही बंद. कपडे हातानं धुवायचे, न आपटता. न आपटता कपडे धुतलेत कधी? मळाला नुसतं कुरवाळल्यासारखं होतं.

आणि रुई? बशीला तोंड नाही. अंग चोरून बसलेली, थरथरतेय. डोळे मोठे होत चालले आणि मांजर लहान. एकदा तर कुंपणाच्या फटीत सापडली, अर्धी बाहेर, कान ट्रेलरकडे टवकारलेले. मी झडप घातली तर पुन्हा फळकुटांमागे. तेव्हा माई, ज्या मला कधी चहा छान झालाय म्हणत नाहीत, त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "नाही जगायचं गं हे. जिवाला लावून घेऊ नकोस." माई गोड बोलल्या म्हटल्यावर मी हबकलेच. एक मांजर रुळवता येत नाही, आणि ही बाई मूल वाढवतेय! माझंच काहीतरी चुकत असणार.

त्यात हवा ढगाळ, कपडे वाळेनात, मुक्ता बापाचा बनियन घालून फिरतेय. शेवटी म्हटलं, मांजर हातचं गेलंच आहे, निदान मुलीला चड्डी तरी मिळू दे. रडत रडत मशीन लावलं. ड्रायर फिरला. खडखडखडखड... मी डोळे गच्च मिटले. आणि पायाला काहीतरी मऊ घासून गेलं.

रुई. शेपटी उभी! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गेली, थरथरत्या मशीनखाली अंग टाकलं, पोट वर, चारी पाय चार दिशांना, आणि झोपली. मी ड्रायर थांबवला, तिनं डोळे उघडले. लावला, मिटले. तो खेळ मी किती वेळ केला देव जाणे.

चाचांना फोन केला तर हसायलाच लागले. म्हणाले, शुक्रवारी लूम बंद असले की ही रडून रडून कारखाना डोक्यावर घ्यायची. मग हे आधी नाही सांगायचं? तर म्हणे, "सांगत होतो ना, तूच रडायला लागलीस."

आणि मला कळू नये? मला? माझा पाळणा त्याच कारखान्याच्या भिंतीला टेकलेला होता. लग्न होऊन अंजूरला आले तेव्हा ह्या शांततेत डोळ्याला डोळा लागेना, म्हणून माहेरचा खडखडणारा टेबलफॅन मागवला होता मी, ऐन डिसेंबरात. नवा नवरा बिचारा गोधडीत कुडकुडत होता. हे सगळं विसरून मी त्या पिल्लाला शांतता पाजत बसले. चुकलं ते माझंच, असणार वगैरे काही नाही.

आता घरात नुसता दणका. कुकरच्या शिट्ट्या, ताटं, आल्हाद तर गाडी बंद करायच्या आधी दोनदा जास्तच गुरगुरवतो. रुई खाते, गुबगुबीत झालीय, खोपटाच्या पत्र्यावर चढून, माई रोज घास घालतात त्या कावळ्यांवर गुरकावते. फक्त दुपारची झोप मशीनखालीच. त्यासाठी माई स्वतः दोन कोरडे टॉवेल ड्रायरमध्ये टाकतात, अट घालणाऱ्या माई, आणि मला म्हणतात, पोरीची झोपायची वेळ झाली.

काल नेमकी त्याच वेळेला वीज गेली. रुई उठली, माझ्याकडे बघितलं, आणि निघाली कुंपणाकडे. मग काय करणार, मी, एमएस्सी झालेली बाई, घमेलं पालथं घातलं आणि उलथन्यानं ठोकत बसले. खटखट, खटखट, एका लयीत. आली परत, पसरली. तुम्हाला सांगते, इतकं बरं वाटलं... माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी वेळेवर झोपलं.

तेवढ्यात घरातून मुक्ताचं गाणं सुरू झालं. तिच्यासाठी ठोकणं थांबवलं, तर रुई उठली. आता दोघी टक्क जाग्या, आणि उलथनं हातात धरून झोप कोणाला आलीय, तर मला.