गाडी उजवीकडे ओढते

सून: फेकू नका अप्पा, आधी बघा. ही जुन्या मोटरची आतली चक्रं. प्लास्टिकची होती, तीन दात साफ झडलेत.

सासरे: माझ्याच वयाची दिसते मोटर.

सून: आठ महिन्यांची आहे! तुम्ही बसच्या नोकरीतून निवृत्त झालात, तेव्हाच आणला ना आम्ही हा रिमोटचा खेळण्यातला ट्रक.

सासरे: मग? मी घसा फोडून सांगत होतो, गाडी उजवीकडे ओढते. तुझी सासू म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं.

सून: आई म्हणणारच. कुंड्या त्यांच्या. चार फुटल्या.

सासरे: तीन. चौथी मांजरानं.

सून: बरं, मांजरानं. ही नवी मोटर. सर्वो म्हणतात हिला. चाकं वळवायचं काम हिचं. आतली सगळी चक्रं धातूची, जोर दुप्पट.

सासरे: आण, चाकं वळवायची दांडी मी बसवतो. एवढं येतं मला.

सून: लगेच नाही. आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. मोटर आपणहून मध्यावर येऊन थांबते. मग चाकं सरळ धरून दांडी दाबायची. नाहीतर सरळ जा म्हटलं की वाकडी जाईल.

सासरे: आमच्या डेपो मॅनेजरला असं मध्यावर आणता आलं असतं तर!

सून: हसवू नका, स्क्रू पडेल. हं... दाबा आता. बसली. वळवून बघा.

सासरे: ही गुणगुणतेय का?

सून: चाक याच्यापुढे वळत नाही, तरी ही ढकलतेय. रिमोटवर तिची हद्द जरा कमी करते... झाली गप्प. चला अंगणात. दोन विटा मांडते, त्यांच्यामधून काढायची.

सासरे: आधी तू. दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर मिक्सर उघडणाऱ्या बाईचा हात बघू.

सून: ही बघा. गेली.

सासरे: सुतासारखी! दे इकडे.

सून: सावकाश... लागली.

सासरे: उजव्या विटेला. अजून ओढतेय बघ ही.

सून: आता पलीकडे या, माझ्या बाजूनं आणा. इथून उजवी वीट दुसरी होते.

सासरे: आणतो. ...हात्तिच्या!

सून: परत उजवीच.

सासरे: दांडी एखादा दात सरकून बसली असेल.

सून: माझ्या हातात सरळ गेली, अप्पा. जरा खुर्चीवर बसा. डावा डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा, मान हलवायची नाही. मी हात वर केला की सांगा.

सासरे: कर की.

सून: हं, सांगा.

सासरे: अगं, कर ना वर.

सून: केलाय अप्पा. केव्हाचा. तुमच्या उजव्या बाजूला.

सासरे: ...बोटं हलव.

सून: हलवतेय.

सासरे: चौतीस वर्षं बस चालवली. एक ओरखडा नाही.

सून: माहीत आहे मला.

सासरे: नाही, तुला सगळं माहीत नाही. गेल्या महिन्यात आपल्या गाडीचा उजवा आरसा फुटला. मी म्हटलं, बाजारात कुणीतरी ठोकून गेलं.

सून: हो.

सासरे: कुणी नाही ठोकलं. फाटकाचा खांब. तो मला दिसलाच नाही. वाटलं, लक्ष नव्हतं. घरात सांगायची लाज वाटली.

सून: सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. उपाय असेल, नसेल, आधी कळू तरी दे.

सासरे: सकाळी कसं? सकाळी तुझ्या सासूला तिच्या बहिणीकडे न्यायचंय. घाट आहे मध्ये.

सून: अप्पा, मी तुम्हाला अडवणारी कोण...

सासरे: असं बोलू नकोस. घाटात उजव्या हाताला काय असतं, ते मला विचार. समोरून येणारी माणसं असतात.

सून: मग डॉक्टर आधी. तिथून पुढे मावशींकडे. मी दुकानात फोन करते.

सासरे: हिला मीच सांगतो. आरशाचंही सांगतो.

सून: रागावतील.

सासरे: रागावू दे. गाडी तू चालव. मी मागे हिच्या शेजारी बसतो. लग्नाच्या चाळीस वर्षांत कधी बसलोच नाही.