पहिला बर्फ

ऐका मंडळी. जरा पुढं सरका, सावलीत या. आज काल्याचं कीर्तन, ऊन डोक्यावर आलंय, आणि तिकडं हंडी बांधलीय तिच्यावर निम्म्या लोकांचा डोळा आहे. मला इथून सगळं दिसतं! मिळणार, सगळ्यांना काला मिळणार. पण त्याआधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या.

ज्या माणसावर आपला जीव आहे, ज्याची वाट बघून डोळे शिणले, तो माणूस एकदाचा दारात आला, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? "ये, बस" निघतो? नाही! "आली का आठवण आता?" हे निघतं. खरं का खोटं? मावश्या हसायला लागल्या, म्हणजे खरं. मग जीव इतका गोड असताना पहिला शब्द आंबट का? सांगा की! बरं, मग एक गोष्ट ऐका. पुराणातली नाही — अहमदपूरच्या एस.टी. स्टँडसमोरची.

तिथं बन्सीआप्पांचं सरबताचं दुकान. लिंबू, कोकम, खस, आणि उन्हाळ्यात कैरीचं पन्हं. दुकानाची शान म्हणजे बर्फाचं मशीन. लादी फोडून दिलेला बर्फ नाही हो! आत एक उभा चकचकीत पत्रा, त्याला घरं पाडलेली. वरून पाणी वाहायचं, घराघरात गोठायचं, आणि पत्रा जरा गरम झाला की काचेसारखे खडे धडाधड खालच्या पेटीत पडायचे. लोक सरबत प्यायला यायचे आणि निम्मे जण तो आवाज ऐकत उभे राहायचे.

आप्पा मोठे भाविक. दुकानात विठोबाची तसबीर, आणि नेम असा की कुठलीही पहिली वस्तू देवाची. नव्या माठातलं पहिलं पाणी देवाला. पहिली कैरी देवाला. मशीनमधून पडलेला पहिला बर्फ वाटीभर सरबतात घालून देवापुढं, मग प्रसाद स्वतः घ्यायचा, आणि मगच गिऱ्हाईक. कलेक्टर आला तरी थांबेल!

बायको लवकर गेली. एकच मुलगी, वैजयंता. आप्पांची वैजू. दुकानातच वाढली, गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून अभ्यास केला. आणि मशीन तिच्या हातातलं. आता आपल्याकडचं बोअरचं पाणी कसं आहे ते तुम्हाला मी काय सांगू? बादली वाळली की पांढरी कड. नळाची तोटी बघा, पांढरी. डाळ शिजता शिजत नाही, आणि शिव्या सुनेला! तोच क्षार मशीनच्या पत्र्यावर बसतो. रोज थोडा, दिसणारही नाही इतका. म्हणून दर पंधरा दिवसांनी वैजू मशीन बंद करायची, सगळा बर्फ काढायची, कोमट पाण्यात लिंबाचं सत कालवून ते आतून फिरवायची. थर विरघळून जायचा. मग तीनदा साध्या पाण्यानं धुवायची. आप्पा गल्ल्यावरून विचारायचे, "पहिला बर्फ देवाला दिलास ना?" ती म्हणायची, "हो आप्पा." पंधरा वर्षं हे असं चाललं.

मशीनचं काही बिघडलं की नांदेडहून एक मिस्त्री यायचा, दिगंबर नावाचा. हाताला गुण, तोंडाला कुलूप. वैजूनं त्याच्याशीच लग्न करायचं ठरवलं. जात वेगळी. आप्पांना चार महिने काही सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा सगळं ठरवूनच सांगितलं. आप्पा काय म्हणाले असतील? तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात ते वाक्य आत्ता तयार झालं, मला माहीत आहे. आप्पा म्हणाले, "माझ्यापासून लपवलंस. आता या दुकानाची पायरी चढू नकोस."

ती चढली नाही. बापाचा शब्द तिनं तिथंही पाळला.

पहिल्या दिवाळीला तिचा फोन आला. आप्पांनी कापला. कापला, आणि मग संध्याकाळपर्यंत फोन हातातून खाली ठेवला नाही. का ठेवला नाही? परत वाजेल म्हणून! अहो, मग कापला कशाला? पण माणूस असाच आहे. फोन पुन्हा वाजला नाही.

चार वर्षं गेली. नांदेडहून साडेबाराला एक गाडी येते. आप्पा बरोबर सव्वाबाराला दुकानाबाहेर येऊन उभे राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, पाय मोकळे करतोय. गाडीतून उतरणाऱ्या एकेका बाईकडं बघायचे. हिरवी साडी दिसली की मान उंच करायचे, कारण वैजूला हिरवा रंग आवडायचा. शेवटचं माणूस उतरलं की आत यायचे आणि फडक्यानं पुसलेलंच टेबल परत पुसायचे. तुम्हाला सांगतो मंडळी, आप्पांना विठोबाची जितकी ओढ नव्हती तितकी त्या साडेबाराच्या गाडीची होती. आणि देवाला त्याचं वाईट वाटलं नसेल.

इकडं मशीनला आप्पा कुणाला हात लावू देईनात. मिस्त्री म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उठायची. लिंबाचं सत आणावं, तर ते काम तिचं. दुसऱ्यानं केलं तर ती गेलीच असं होईल. म्हणून ते काम तसंच ठेवलं. पत्र्यावर थर चढत गेला. बर्फ आधी पांढुरका झाला, मग बारीक, मग पत्र्याला चिकटून बसायला लागला, पडेचना. एक दिवस आप्पांना संताप आला. पेचकस घेतला आणि खराखरा खरवडला पत्रा! थर थोडा निघाला, पण त्याबरोबर पत्र्याची चकाकी गेली, ओरखडे पडले. आणि क्षार तर ओरखड्यातच घट्ट धरतो. चार दिवसांत मशीन पहिल्यापेक्षा वाईट झालं. हसू नका. घरोघरी हेच चाललंय. भावाच्या मनात काही बसलं की आपण समजूत घालायला जातो का? पेचकस घेऊन जातो!

शेवटी बर्फ पडायचा थांबला. ऐन चैत्रात! आता मात्र आप्पांना बहाणा मिळाला. साडेबाराच्या गाडीचा कंडक्टर गोपीनाथ ओळखीचा. त्याला म्हणाले, नांदेडला त्या मिस्त्रीला सांग, मशीन बंद पडलंय. गोपीनाथ म्हणाला, मिस्त्रीलाच सांगू का ताईला? आप्पा म्हणाले, कुणालाही सांग, मला काय करायचंय. गोपीनाथही दोन पोरींचा बाप. त्याला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी नवा सदरा घातला. बाराला बाहेर येऊन उभे! गाडी आली. एक उतरला, दोन उतरले, म्हातारी उतरली, गाठोडं उतरलं. सगळ्यात शेवटी गोपीनाथ उतरला, त्याच्या हातात एक पुडकं. "ताईनं दिलंय." बस, एवढंच. ती आली नव्हती. पायरी चढू नकोस असं सांगितलेलं होतं ना!

पुडक्यात लिंबाचं सत आणि एक चिठ्ठी. आप्पांनी चष्मा लावला. मशीन बंद करा. सगळा बर्फ काढून टाका. सत इतकं, पाणी इतकं. अर्धा तास फिरू द्या. तीनदा धुवा. पत्रा खरवडू नका. आणि शेवटची ओळ, तिच्याखाली दोन रेघा: पहिला बर्फ फेकून द्यायचा, कुणालाही द्यायचा नाही. आप्पांनी चिठ्ठी उलटी करून बघितली. मागं कोरी. उजेडात धरून बघितली. "आप्पा" असा शब्द कुठं सापडतो का बघत होते. नव्हता.

चिठ्ठी समोर ठेवून आप्पा कामाला लागले. सत्तरीला टेकलेला माणूस, गुडघ्यावर बसून एकेक ओळ वाचत होता आणि करत होता. थर सुटायला लागला. पांढरं पाणी बाहेर आलं. धुतलं एकदा, दोनदा, तीनदा. मशीन चालू केलं. अर्ध्या तासानं आवाज आला — धडाधड! आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. खडे काचेसारखे, जसे तिच्या हाताखाली पडायचे तसे.

आता ती शेवटची ओळ. पहिला बर्फ फेकून द्या. आप्पा मनात म्हणाले, हे गिऱ्हाइकासाठी असेल. देव काय गिऱ्हाईक आहे? पहिलं ते देवाचं! त्यांनी वाटीभर सरबत केलं, पहिला बर्फ घातला, तसबिरीपुढं ठेवला, हात जोडले, आणि प्रसाद म्हणून घोट घेतला.

जिभेला चुरचुर झाली. आंबट, कडवट, चमत्कारिक चव. पत्र्याच्या ओरखड्यांत सत राहिलं होतं, ते पहिल्या बर्फात उतरलं. आणि हे दरवेळी थोडंबहुत उतरतंच, म्हणून तर पहिला बर्फ फेकायचा असतो.

आप्पा वाटी हातात धरून उभे राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं. पंधरा वर्षं पोरगी मशीन धूत होती. पंधरा वर्षं देवापुढची वाटी गोड होती. म्हणजे दर पंधरवड्याला ती पहिला बर्फ गुपचूप मोरीत टाकत होती आणि दुसरा देवाला देत होती. आणि मी विचारलं की "हो आप्पा" म्हणत होती! सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, देवाचा अपमान झाला म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून तिनं देवाचाही मान राखला आणि माझाही. ज्या पोरीला मी म्हणालो "लपवलंस", ती कशासाठी लपवत होती, हे मी कधी विचारलंच नाही.

ते मटकन स्टुलावर बसले. तिच्याच स्टुलावर. आणि मोठ्यानं म्हणाले, "वैजू, चुकलो गं."

ऐकायला दुकानात विठोबाशिवाय कुणी नव्हतं. पखवाजवाले बुवा, थोडं थांबा. इथं वाजवू नका.

आप्पांनी दुकान बंद केलं. भर चैत्रात, भर दुपारी! लोक म्हणाले, कुणी वारलं का काय. गोपीनाथची गाडी पुढची फेरी करून नांदेडला परत निघाली होती, तिच्यात बसले. दोन तासांचा रस्ता. आणि त्या दोन तासांत मनात काय तयार झालं ऐका. चार वर्षांत एक फोन केलास आणि थकलीस? बाप मेला का जगला, चौकशी केलीस? चिठ्ठीत दोन शब्द लिहायला हात दुखला? मंडळी, मन धुतलं होतं ना? धुतलं होतं! चुकलो असं कबूल केलं होतं. पण धुतल्यावर पहिलं जे येतं ते असंच येतं.

गोपीनाथनं घर दाखवलं. आप्पांनी कडी वाजवली. दार उघडलं. वैजू. हातात भिजलेलं फडकं, कपाळावर दोन-चार केस पांढरे झालेले. चार वर्षांत लेकीचे केस पांढरे झाले आणि बापानं ते बघितले नाहीत! ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली, हा माणूस आता काय बोलतो ते बघत. त्या एका शब्दावर होतं सगळं. ते आंबट वाक्य आप्पांच्या जिभेवर आलं, ओठापर्यंत आलं. वैजूला ते दिसलं, तिनं मान खाली घातली.

आप्पांनी ते गिळलं. घशात टोचलं, तरी गिळलं. थांबले.

आता आपल्याकडं जुनी माणसं काय करतात, ठाऊक आहे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. वैजूला मूल नव्हतं. आणि आप्पा तर नेमाचे! एकादशी मोडली नाही कधी. ते उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले,

"वैजू, तहान लागलीय. पाणी दे गं."

ती आत पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मग तिचं रडू ऐकू आलं.

मंडळी, गोष्ट संपली. मी विचारलं होतं, पहिला शब्द आंबट का? अहो, तो आंबट असणारच. धुतलेल्या मनाचाही असतो. लाज त्याची नाही. तो आपण उचलून समोरच्याच्या तोंडात घालतो, लाज त्याची आहे.

आता सांगतो ते माझंच सांगतो. माझा धाकटा भाऊ दहा कोसांवर राहतो. सात वर्षं बोलणं नाही. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून! गावोगाव तुम्हाला शहाणपण सांगत फिरतो, आणि दर भाऊबीजेला आमची बहीण दोन ताटं वेगवेगळ्या दिवशी वाढते. काला झाला की मी त्याच्या गावची गाडी धरणार आहे. वाटेत मनात काय काय येईल ते येऊ दे. दारात जाऊन पाणी मागणार आहे. देईल का नाही, मला माहीत नाही.

तुम्ही कुणाकडं जाणार? मला सांगू नका. त्या माणसाचं नाव मनात आलंय, मला तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय. विठोबाच्या आधी आज तेच नाव घ्या. देव रागावणार नाही, मी हमी देतो. घ्या… आता बुवा, वाजवा.