गल्लीतली दारं उतरवल्याबाबत

मी, नाव वर घेतलं आहे, गल्लीत मला भिरभिऱ्या म्हणतात कारण मी एका जागी बसत नाही, वय तेवीस, शिक्षण चौथी, धंदा वेल्डिंग, लोखंडी दारं-खिडक्यांच्या वर्कशॉपमध्ये. राहणार, दूधवाल्या मावशी राहतात त्याच गल्लीत, शेवटची खोली. मूळ गाव लांब, गाडीने दोन दिवस. ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारलं म्हणून सांगतो की,

आमच्या गल्लीच्या मालकांनी माझ्यावर दारं चोरल्याची तक्रार दिली आहे. सगळ्या खोल्यांची दारं आमच्या वर्कशॉपमध्ये मिळाली हे खरं आहे. ती मीच नेली. चोरी केलेली नाही. पण ते कळायला आधी पंजाचं सांगावं लागेल.

गल्लीत इथलेही राहतात आणि बाहेरून कामाला आलेलेही. उन्हाळा लागला तसा बाहेरच्यांच्या दारांवर पंजा उमटायला लागला. माणसाच्या हाताचा, राखाडी, छातीच्या उंचीवर. दुपारी, सगळे कामावर असताना. कुणी पाहिलं नाही. पंजा उमटला की खोली सोडायची, नाहीतर माणसं आत असताना बाहेरून कडी घालून पेटवून देतात, असं बोललं जायचं. कोण बोललं म्हणून विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा.

पहिला पंजा इस्त्रीवाल्याच्या दारावर. मी शर्ट आणायला गेलो तर दार सताड उघडं, आत कुणी नाही. टेबलावर माझाच शर्ट, एक बाही कडक, एक चुरगळलेली. इस्त्रीला बोट लावलं. कोमट होती. तो शर्ट आत्ता माझ्या अंगात आहे. त्याच्यानंतर शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी गेल्या. मग माझ्या दारावर उमटला.

वास मी ओळखला. लोखंडाला रंगाआधी लावतात तो प्रायमर, कुठल्याही दुकानात मिळतो. थिनरने पुसला. रंग गेला, पण ऊन तिरपं झालं की पंजा पुन्हा दिसायचा. मी त्यावर माझा हात ठेवून पाहिला. बरोबर बसला. नंतर झोप अशी लागली नाही. आईला फोन करून येतो म्हणालो. का ते सांगितलं नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी निघालो. बॅग आधीच वर्कशॉपमध्ये टाकून आलो होतो. दार मी स्वतः वेल्ड केलेलं होतं, ते पंजासकट मागे सोडायचं नव्हतं. आमची दारं वर उचलली की बिजागरीतून सुटतात. सोडवलं, पाठीवर घेतलं. माझं जेवण ज्यांच्याकडे असतं त्या शेजारच्या काकू उंबऱ्याशी भांडी घासत होत्या.

"दार घेऊन कुठे रे?"

"वर्कशॉपला."

"म्हणजे ठरलं तर! बरं झालं. दारच नसलं तर कडी कशाला घालणार मेले? थांब, माझंही ने."

"काकू, तसं नाही हो..."

"तू गप्प बस. सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि मला मात्र सांगायचं नाही, हे नेहमीचंच."

आणि तिथूनच त्यांनी समोर हाक मारली, "अहो ड्रायव्हर, तुमचं दार निघालं का नाही अजून?"

ड्रायव्हरकाका बनियनवर बाहेर आले. म्हणाले, "मला कुणी कळवलं नाही. पण ठरलंय तर ठरलंय. माझं घोरणं ऐकू येईल, मागून तक्रार चालणार नाही."

ठरलं काहीच नव्हतं. हे तेव्हा एकट्या मला माहीत होतं. पण लोक आपापली दारं उचलून हातगाडीवर ठेवत होते. इथले आणि बाहेरचे, दोन्ही. मीही पाठीवरचं दार त्यांच्यातच ठेवलं. दुपारपर्यंत सगळी दारं वर्कशॉपमध्ये एकाला एक टेकून उभी झाली. माझी बॅग त्यांच्या मागे अडकली. ढिगात इस्त्रीवाल्याचंही दार होतं. ते मी आणलेलं नाही. कुणी आणलं ते कुणी सांगत नाही.

जेवणाच्या वेळेला चार जण आले. तोंडाला रुमाल, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. गल्लीत शिरले आणि थांबले. दारं नव्हती. प्रत्येक चौकटीत माणूस बसलेला, म्हातारी, पोर, जो असेल तो. कुणी शिवी दिली नाही, उठलं नाही. आतून पंख्यांचा आवाज येत होता, तेवढाच. ते चालत माझ्या चौकटीपर्यंत आले. मी बसलो होतो. माझे पाय हलत होते, ते मी हाताने धरून ठेवले. पुढे भिंत आहे, रस्ता नाही. त्यांना त्याच सगळ्यांसमोरून परत जावं लागलं.

दूधवाल्या मावशींच्या चौकटीशी तो रॉकेलवाला आला तेव्हा मावशी म्हणाल्या, "आलास? हात धू आधी. पान वाढलंय."

तो उभा राहिला. बाकीचे थांबले नाहीत.

गल्लीबाहेर तीन जण गेले. चौथा कुठे गेला ते मी पाहिलं नाही. मावशींच्या मोरीत पाणी वाजत होतं, बराच वेळ. डबा रस्त्यावर राहिला होता, तो काकूंनी झाकण लावून कचऱ्यात टाकला.

ते कोण होते असं साहेबांनी तीन वेळा विचारलं. तोंडं झाकलेली होती. मी ओळखू शकत नाही.

दारं परत लावा असा साहेबांचा हुकूम आहे, म्हणून कालपासून लावतो आहे. लोखंडी दार एकट्याला जमत नाही. मावशींचा मुलगा एक टोक धरतो, मी दुसरं. काल माझं दार लावताना त्याने विचारलं, "उंची बरोबर आहे का?" मी हो म्हणालो. बॅग आता मोकळी झाली आहे. अजून आणलेली नाही. इस्त्रीवाल्याचं दार तेवढं राहिलं आहे, ते तो आला की लावीन.

माझा जबाब मला वाचून दाखवला. ठाण्यातल्या खोलीचं दार उघडं असल्यामुळे बाहेर बाकांवर आणि जिन्यात बसलेल्या गल्लीतल्या लोकांनीही ऐकला. कुणाची हरकत आली नाही. मी सांगितलं तसाच लिहिला आहे. हवालदारांनी अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं. मी म्हणालो, अंगठा नको, वेळ लागेल पण सही करतो.