टेकडीवरची तालीम

दाताच्या दवाखान्यात गाल सुजलेली एक बाई धाकट्या बहिणीशी बोलत होती. शेजारच्या खुर्चीतल्या एका शिक्षिकेने मासिक उघडलं होतं, पण पान काही उलटेना.

“आमच्या गावावरचं धरण जुनं, त्यात भेगा पडलेल्या. म्हटलं, भोंगा वाजला तर पळायचं कसं, याची एकदा तालीम करू.”

“केलीस?”

“अगदी झोकात! गॅस बंद केला, औषधं घेतली, दाराला कुलूप घातलं आणि पोरांना घेऊन थेट टेकडी गाठली.”

“आणि सासूबाई?”

“त्या आतच राहिल्या गं! हाताची सवय मेली.”

“अगं बाई! चिडल्या असतील.”

“छे! म्हणाल्या, ‘पोरं पोचली ना? खरं पाणी आलं तरी अस्संच करा.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच दुसरी चावी त्यांच्या उशाशी टांगली.”

“पण ताई, कुलूप तर बाहेरून असतं ना?”

“…चल, माझा नंबर आला.”