घाट चढणारी जुनी गाडी

नव्या गाडीचं कौतुक आमच्या आईपुढं मात्र करू नका गड्यांनो. साताऱ्याकडची जुनी मीटरगेज गाडी घाट चढताना इतकी दमायची, की माणूस शेजारनं चालत जाऊ शकायचा. सुट्टीवर आलेल्या माझ्या थोरल्या भावाला, दादाला, लढाईसाठी परत बोलावलं, तवा आई खिडकीतनं त्याचा हात धरून चढभर चालली.

"आई, सोड आता, पडशील."

"न्हाई पडत. तिकडं लय थंडी असंल, स्वेटर घालशील न्हवं?"

"व्हय गं."

माथ्यावर गाडीनं वेग घेतला आणि हात सुटला. दादा लढाईतनं परत आलाच न्हाई.

पुढं रुंद रूळ आलं, डिझेल इंजिन आलं. पहिली गाडी घाटातनं सुसाट गेली, तवा सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. आई एवढंच म्हणाली, "बरं झालं, ही आधी आली न्हाई."