जंगलाची हौस

‘एकदा जंगल दाखवून आणू या तिला, म्हणजे हौस फिटेल. फक्त बारा तारखेच्या आत परतायचं नाही’ — असं म्हणाल्या हो काकी, आमच्या सासूबाई, अगदी ह्याच शब्दांत, मी मागच्या दारी भांडी विसळत होते आणि त्यांना वाटलं नळ चालू आहे म्हणजे मी बहिरी — नाही नाही, झेरॉक्स पाठपोट नको, वेगवेगळ्या कागदांवर काढा, दोन-दोन प्रती, लग्नाच्या दाखल्याच्या तीन, माझं दहावीपासूनचं सगळं माहेरच्या नावावर आहे ना — आणि मला काय वाटलं असेल सांगा? वाटलं, काय मोठ्या मनाची माणसं! लग्नाला सहा महिने, भात कापून झालेलं, कलमांना मोहोर यायला अवकाश, सून पालीच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर वाढलेली, घुबडं नि साळिंदरं बघत — तिला नॅशनल पार्कला नेतायत, वर दोन दिवस जास्तच राहू म्हणतायत. मी नळ जरा मोठा केला. त्यांना वाईट वाटायला नको, मी ऐकलं म्हणून.

हसताय काय? हसा. मीही हसले असते, पण आधी ऐका. वनरक्षकाच्या भरतीला मी लग्नाआधीच बसले होते. पहाटे सड्यावर धावायचे, पायाखाली तो कातळ, दोन जोड बूट फाटले. तीन किलोमीटर पळाले, चार तासांत सोळा किलोमीटर चालले, आणि नाव लागलं प्रतीक्षा यादीत. सातवं. लपवलं नव्हतं हो काही — बघायला आले तेव्हाच सांगितलं. सासरे म्हणाले, आलं नाव तर बघू. सगळे हसले, चहा झाला, ह्यांच्या मामांनी शेरा मारला, मुलगी मितभाषी आहे. झालं. लग्नानंतर पत्ता बदलल्याचा अर्ज मीच केला, माझ्या हातानं, सासरचा, पावसचा पत्ता, पिनकोडसकट. मी फार व्यवस्थित मुलगी आहे, काकी.

तर आमचा हनिमून. चौघांचा. मी, ऋत्विक — ते बघा, तुमच्या पायरीशी स्कूटरवर बसलेत, बसू दे, सावलीत बोलावू नका — आणि सासूसासरे. विदर्भापर्यंत गाडीत वीस तास, त्यातले अठरा तास सासूबाई कमरेशी चाचपून बघत होत्या. कपाटाची चावी, परकराच्या नाडीला बांधलेली. माझ्या मनात आलं, दागिने असतील, माझेच असतील, सांभाळतायत बिचाऱ्या. खिडकीची जागा मला दिली. फणसपोळीचा डबा पहिला माझ्यापुढे धरला. इतकं गोड वागणं — आता कळतंय, परीक्षेला बसू न देण्यासाठी पोराला जत्रेला नेतात तसं.

जंगलाबद्दल मात्र वाईट नाही बोलणार. पहाटे उघडी जिप्सी, तोंडावर गार वारा, सागाच्या पानांवर दव टपटपतंय, आणि एका मोहाच्या बुंध्यावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे, ओले, त्याच रात्रीचे. दोन दिवस मी नुसती बघत होते. आणि एक सांगू? हे कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी स्वतःच ह्यांना म्हटलं, ‘फिटली बाई हौस. आता नाही आली नोकरी तरी चालेल.’ म्हटलं! ह्याच तोंडानं! त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे भरून आले त्यांचे. मला वाटलं, प्रेम. — राग त्याचा आहे, काकी. फसवलं त्याचा आहेच, पण त्यांचा उपाय लागू पडत होता, त्याचा जास्त.

अडकला का कागद? असू दे, सावकाश काढा, अकराच्या चिपळूण गाडीला अजून वेळ आहे. पाचच्या आत हजर व्हायचं तिथं.

तिसऱ्या दिवशी, दहा तारखेला, आमच्याबरोबर गाइड होती दर्शना म्हणून. खाकी कपडे, कानात कुड्या, वयानं माझ्याएवढीच. लांबून आवाज आला, मी हळूच म्हटलं, सांबर ओरडलं. ती वळली. ‘ताई, तुम्ही खात्यातल्या का?’ म्हटलं, नाही हो, प्रतीक्षा यादीत होते. ‘मग पत्र नाही आलं? माझ्या बहिणीला आलं की! यादीतल्या सगळ्यांनाच गेलीत, राज्यभर. बारा तारखेला हजर व्हायचंय.’

बारा तारीख.

मी नुसती मान वळवून बघितलं. सासऱ्यांना खोकला आला. सासूबाईंनी चिवड्याचा डबा उघडला — जंगलात, जिथं खायला बंदी, गेटवर पाटी वाचून दाखवली होती मी — आणि आमचे हे दुर्बीण लावून झाडीत बघायला लागले. एकटक. दुर्बिणीची झाकणंसुद्धा काढली नव्हती, काकी! दोन्ही काचांवर काळी झाकणं, आणि हा माणूस जंगल बघतोय!

हो, हो, वरचं पत्र तेच. त्याच रात्री गाडी पकडली, काल संध्याकाळी घर गाठलं. कपाटात, शालूच्या घडीत होतं, तीन आठवड्यांपूर्वीचं. पाकीट बघा, कात्रीनं कापलंय, एका रेषेत. सासूबाई पाकीट फाडतात बोटानं, सासऱ्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. कात्री कोण घेतं आमच्या घरी? — विचारा त्यांना, बसलेत ना पायरीशी. आज सोडायला आपणहून आलेत. वाटेत तीनदा म्हणाले, हेल्मेट नीट लाव.

द्या ते कागद. मूळ प्रती वर ठेवा, हं, आणि ते पाकीटही द्या, ते मी जपून ठेवणार आहे. गाडी लागली वाटतं. एवढंच सांगते नि जाते. जिप्सीत हे झाकणांतून जंगल बघत होते ना, त्याच क्षणी, काकी, वाघीण आली. खरीच आली. बांबूतून निघून वाटेवर उभी, दहा पावलांवर, मिशीला दवाचा थेंब दिसावा इतकी जवळ. दर्शनानं ओठांवर बोट ठेवलं. मागे दोन जिप्सी, वीस माणसं, श्वास कुणाचा ऐकू येईना. आणि सासूबाईंनी माझं मनगट धरलं, कानाशी येऊन म्हणाल्या, ‘गप्प बस हं.’ मला! सहा महिन्यांत त्या घरात मिठाला नाव ठेवलं नाही मी, आणि मला गप्प बस! जन्मभर वाट बघितली होती हो त्या जनावराची. पण मी उभी राहिले, सीटवर, आणि ओरडले. पहिल्यांदा. असा आवाज माझ्यात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं — वाघीण एका उडीत गडप, मागचे लोक शिव्या घालायला लागले, सासऱ्यांच्या मांडीवर चिवडा सांडला. काय ओरडले? दुसरं काय ओरडणार?

‘आई, कपाटाची चावी द्या!’